शिपाई म्हणजे कुठला शिपाई

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक फॉर्म भरणं. आजारपण नाही, दवाखाना नाही, काही नाही. जूनमधला शेवटचा रविवार. सकाळी नदीवर मासे धरले, दुपारी फॉर्म भरायला गेलो. अकरा दिवसांनी ही गेली.

नदी म्हणजे इथली, जपानमधली, जुनी एदोगावा. हिगाशी-कसाईत मुलाचं घर आहे, चौथा मजला. तिथून माझ्या चालीनं अर्धा तास. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. खोटा आहे. नदीत हाझे नावाचा मासा लागतो. बोटाएवढा, डोकं मोठं, तळाला बसून राहणारा. समुद्राजवळच्या त्या पट्ट्यात गळ टाकायला परवाना लागत नाही. मला खाली बसता येत नाही म्हणून गळाला किडा ही लावायची. मी उभ्यानं दोर टाकायचा. मासा आला की सोडवायची पुन्हा हीच. चाळीस वर्षं बाजारात मासे विकलेली बाई. तिच्या हातातून मासा निसटलेला मी पाहिला नाही.

त्या दिवशी चौदा मिळाले. घरी येऊन तिनं साफ केले, हळद-मीठ लावून ठेवले. लिंबानं हात धुतले. दोनदा. लुगडं बदललं. मग आम्ही हॉलवर गेलो.

महिन्यातल्या एका रविवारी इथले आपले मराठी लोक तो हॉल भाड्यानं घेतात. मंडळ आहे त्यांचं. कुणाला जपानीत फॉर्म भरायचा असला तर मंडळाचे सेक्रेटरी भरून देतात. फुकट. माणूस शिकलेला, पुण्याचा, वीस वर्षं इथं आहे. माझ्या मुलाला, सुनीलला, इथली नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली. त्यांचं नाव सांगत नाही. आडनाव सांगितलं तर तुम्ही लगेच जात काढाल आणि म्हणाल, बघा, म्हातारा आला त्याच गोष्टीवर.

त्या दिवशी हॉलमध्ये पूजा होती. दारातच सेक्रेटरींनी नाक मुरडलं.

“मावशी, आज मासे वाटतं?”

“हो की,” ही म्हणाली. “येता का जेवायला?”

दोन बायका हसल्या. सेक्रेटरी नाही हसले.

“तसं नव्हे हो. आत प्रसाद आहे. तुम्ही जरा बाहेर बाकावर बसता का? काका, तुम्ही या.”

बाकाखाली सगळ्यांच्या चपला-बूट काढलेले. पाय ठेवायला जागा नाही. त्या चपलांवर पाय ठेवून ही बसली. आणि मी आत गेलो. लिहिताना हात थांबतोय, पण खरं ते लिहितो. मी आत गेलो.

फॉर्म कशाचा होता ते सांगतो.

वसंतात सुनीलनं आम्हाला वरच्या अंगाला नेलं होतं. दोन तास ट्रेननं. तिथं नदी खडकातून येते. पाणी असं की तळाचा गोटा न् गोटा मोजून घ्यावा. ही काठावर उभी राहिली ती हलेना. म्हणाली, “माझ्या माहेरच्या डोहासारखं आहे. एकदा इथं गळ टाकायचा बघा.” पण वर परवाना लागतो. गळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. दुकानातल्या म्हाताऱ्यानं माझी चाल पाहिली आणि भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. आमची नात ईरा सहा वर्षांची आहे, तिला वाचता येतं. तिनं सांगितलं, “आजोबा, तेचो असेल तर हाफ.” तेचो म्हणजे वही. अपंगाला सरकार देतं ती.

हिनं तिथंच ठरवलं. वही काढायची.

“त्यात लिहिलेलं असेल ना, सैन्यात असताना पाय गेला म्हणून?”

“असेल,” मी म्हणालो. मला काय ठाऊक.

“मग वही दाखवूनच यायचं. आधी नाही.”

सुनील पुरे पैसे भरून परवाना काढायला तयार होता. तिनं नको म्हटलं. तिला सूट नको होती, ती वही दाखवायची होती. कारण गावात मी पाय गमावून आलो तेव्हा काय झालं ते तिनं पाहिलं होतं. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं. जवान म्हणून. नवीन पाय लावून, इस्त्रीचे कपडे घालून गेलो. सरपंच म्हणाले, “आलास का? बरं झालं. त्या चार खुर्च्या लाव जरा पुढं.” मी लावल्या. मागं उभा राहिलो. ही बायकांत उभी होती. तिनं सगळं पाहिलं. आम्ही भोई. आमच्या आज्या-पणज्यांनी यांच्या पालख्या वाहिल्या, मासे पुरवले. खांदा आमचा, बसणार ते. खुर्ची उचलायला माणूस लागला की यांची नजर आपोआप आमच्यावर येते. पायाकडं जात नाही.

तर हॉल. सेक्रेटरी टेबलामागं. सुनील माझ्या बाजूला उभा. सेक्रेटरी विचारत होते आणि डॉक्टरला द्यायचा एक कागद जपानीत लिहीत होते.

“आडनाव?”

सांगितलं.

“अच्छा. म्हणजे नदीकाठचेच तुम्ही. नोकरी काय होती?”

“शिपाई.”

“पाय कसा गेला?”

“ड्युटीवर असताना.”

दारातून हिचा आवाज आला. “सुरुंगानं गेला म्हणून सांगा की! लाजता कशाला?”

सेक्रेटरी मान वर न करता म्हणाले, “हो हो. गावाकडं सेफ्टी नसतेच.”

मला ते बोलणं लागलंच नाही. बॉर्डरवर कसली आलीय सेफ्टी, एवढंच मनात आलं.

“आणि वही कशासाठी हवीये काका?”

“मासे धरायचा परवाना अर्ध्यात मिळतो.”

पेन थांबलं.

“मासे धरायला?” सगळ्यांना ऐकू जाईल असं. “अहो काका, ही सोय गरजूंसाठी असते. तुमचा मुलगा इथं टीम लीड आहे. आपले लोक असे सवलतींच्या मागे लागले की आपलंच नाव जातं. इथं बघत असतात हो लोक.” मग सुनीलच्या पाठीवर थाप मारली. “पण तुला हॅट्स ऑफ. शिपायाचा मुलगा, आणि आज इथं.”

“थँक यू सर,” सुनील म्हणाला.

सरसुद्धा म्हणाला.

परत येताना ही पुढं चालत होती. ती कधी पुढं चालायची नाही, माझ्या पायामुळं. त्या दिवशी चालली. पुलावर थांबली.

“तुम्ही का बोलला नाही?”

“काय बोलायचं?”

“मला चपलांत बसवलं. तुम्हाला भिकारी केलं. आणि विचारता काय बोलायचं? तोंड काय जेवायलाच आहे?”

“पुढच्या वेळी बोलू.”

“पुढच्या वेळी तुम्ही बसा बाकावर. मी जाते आत.”

असं म्हणून हसली. घरी येऊन मासे तळले. ईराला काटे काढून भरवले.

अकरा दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरात पडली. डोक्यातली नस फुटली. इथल्या दवाखान्यात पाच माणसं तिच्याभोवती धावत होती, त्यांचं काही चुकलं नाही. पण गेली. मंडळाचे लोक भेटायला आले. सेक्रेटरीही आले. सोफ्यावर बसून म्हणाले, “मावशी फार साध्या होत्या.” मी त्यांना चहा दिला. तेव्हाही बोललो नाही. पुढची वेळ येऊन गेली आणि मी कपबशी धरून उभा.

जुलैच्या अखेरीस सुनील मला डॉक्टरकडं घेऊन गेला. सेक्रेटरींचा कागद त्यानं तिथं दिला. डॉक्टरनं पाय मोजला, गुडघा वाकवून पाहिला, त्या कागदावरून बघून बघून आपला कागद भरला. तो कागद वॉर्ड ऑफिसात गेला. मला वाटलं, झालं काम. सप्टेंबरच्या मध्यावर पत्र आलं, वही तयार आहे, घेऊन जा.

वरच्या नदीचा हंगाम सप्टेंबरअखेर बंद होतो. पंधरा दिवस हातात. आणि पुढच्या वर्षाचा भरवसा नाही, कारण आम्हा म्हाताऱ्यांचा इथला व्हिसा नातीच्या वयावर आहे. नात सात वर्षांची होईपर्यंत सांभाळायला राहा, मग जा. एप्रिलमध्ये ईरा सातची होते. म्हणजे हिच्या डोहात गळ टाकायचा तर याच पंधरा दिवसांत. मी सुनीलला म्हटलं, उद्याच जाऊ.

वॉर्ड ऑफिसात नंबर घेतला. एक खिडकी झाली, दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथं नंबर घेतला. मग म्हणाले, ही नाही, पलीकडची. पलीकडं पुन्हा नंबर. खोटा पाय दुपारपर्यंत कुरतडायला लागतो. शेवटी एक मुलगी आली. वाकून नमस्कार केला आणि वही माझ्यापुढं ठेवली. माझा फोटो, शिक्का, सगळं. सुनीलनं मानेनं खूण केली, चला.

मी म्हटलं, थांब. यात सैन्याचं लिहिलंय का विचार.

“बाबा, असेल की.”

“विचार.”

तो विचारेना. म्हणून मीच त्या मुलीला म्हटलं, “हिंदी.” तिनं एक पाटीसारखी मशीन आणली. त्यात एक बाई दिसली. हिंदीत बोलली, “बोलिए अंकल जी.” हिंदी मी पलटणीत शिकलो. मी विचारलं, “इसमें लिखा है ना, मैं फ़ौजी था?”

ती बाई त्या मुलीशी जपानीत बोलली. मग मला म्हणाली, पाय का गेला ते वहीत लिहीत नाहीत, ते डॉक्टरच्या कागदात असतं. म्हटलं, दाखवा. मुलगी आत जाऊन कागद घेऊन आली. बाईनं वाचला.

“यहाँ लिखा है, आप स्कूल में चपरासी थे। गाँव में कुआँ खोदते समय धमाके से पैर गया।”

मी म्हटलं, “किसका काग़ज़ है ये?”

“आपका ही है अंकल जी.”

त्या कागदावर एका ओळीत सहा-सात शब्द छापलेले. पाय कशानं गेला त्याचे. डॉक्टरनं त्यातल्या एकाला गोल करायचा. बाईनं एकेक वाचून दाखवला. गाडीचा अपघात. कामावरचा अपघात. लढाईतली जखम. गोल होता कामावरच्या अपघाताला. लढाईतली जखम त्याच ओळीत, अगदी शेजारी. मधे बोटभर जागा नाही.

तेव्हा मला उमजलं. ‘गावाकडं सेफ्टी नसतेच.’

शिपाई म्हटल्यावर मराठीत दोन माणसं उभी राहतात. एक बंदूकवाला, एक शाळेत घंटा देणारा. सुरुंगही दोन. एक दुश्मनानं पेरलेला, एक विहिरीच्या खडकाला लावायचा. ड्युटी तर सगळ्यांचीच. आम्ही तीन शब्द दिले. तिन्हीला दोन-दोन अर्थ होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही, कुठला शिपाई, कसला सुरुंग. माझं आडनाव ऐकलं, हिचा वास घेतला आणि प्रत्येक वेळी खालचा अर्थ उचलला. सरपंचाला माझ्यात खुर्च्या उचलणारा दिसला. यांना घंटा वाजवणारा.

घंटा वाजवण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. माझा चुलतभाऊ शाळेत शिपाई होता. तीस वर्षं शाळा उघडली, झाडली, बंद केली. कुणापुढं वाकला नाही. पण तो तो होता, मी मी. माझ्या पायाखाली फुटलं तेव्हा माझ्यामागं सात जण चालत होते. ते सात घरी गेले. ते मला इथं सांगत बसायचं नव्हतं, पण कुणी ते पुसून विहीर लिहिली तर मला सांगावं लागणार.

मी मशीनमधल्या बाईला म्हटलं, “मैं सिपाही था। चपरासी नहीं। बारूदी सुरंग थी, बॉर्डर पर।”

तिनं ते त्या मुलीला सांगितलं. मुलीनं तोंडावर हात ठेवला, उठून उभी राहिली, तीनदा वाकली. चूक तिची नव्हती. मग आत जाऊन कुणालातरी विचारून आली. निरोप असा: वही बरोबर आहे. दर्जा तोच, सूट तीच. आज नेता येईल. गोल बदलायचा असला तर डॉक्टरनं कागद पुन्हा लिहून द्यायचा, मग सगळं नव्यानं, सहा-आठ आठवडे. पण अंकलजींना त्याची गरज नाही.

“बघा,” सुनील म्हणाला. “काही फरकच पडत नाही. घेऊन टाका. रविवारी नेतो मी तुम्हाला वर. आईची इच्छा होती ना?”

आईचं नाव काढलं त्यानं.

मी त्याला विचारलं, “त्या दिवशी तू शेजारी उभा होतास. तुला जपानी वाचता येतं. काय लिहितायत ते दिसलं नाही?”

हातातल्या नंबराच्या चिठ्ठीची त्यानं घडी घातली.

“दिसलं होतं बाबा. पण सगळ्यांसमोर सरांना कसं सांगणार? आणि मला वाटलं, काय फरक पडतो? आपल्याला तर माहीत आहे ना.”

आपल्याला माहीत आहे. घरात माहीत आहे. घराच्या आत मी जवान, दाराबाहेर चपरासी. यासाठी शिकवला याला? स्वतः चौथीत शाळा सोडली, हिनं डोक्यावर पाटी घेऊन बाजार केले, आणि तो शिकला तो कुठं गप्प बसायचं ते.

पण त्याला काय बोलू? मीही आत गेलोच होतो, तिला चपलांत सोडून. गप्प बसणं त्यानं माझ्याकडूनच घेतलं.

मी वही उचलली. दोन्ही हातांनी त्या मुलीकडं परत सरकवली.

“नहीं चाहिए.”

“बाबा, हंगाम संपेल,” सुनील म्हणाला. “एप्रिलनंतर तुम्ही इथं नसाल.”

“संपू दे.”

“आईचं काय?”

“आईनं वही मागितली होती. ही वही नाही मागितली.”

तो चिडला. स्टेशनपर्यंत माझ्या पुढं चालत राहिला. ट्रेनमध्ये दाराशी जाऊन उभा राहिला. संध्याकाळी मी त्याला त्याच्याच मोबाईलवरून सेक्रेटरींना फोन लावायला लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा. सून ओट्यापाशी उभी होती, ईरा टेबलाशी.

सगळं ऐकून सेक्रेटरी हसले. वाईट हसले नाहीत, सहज हसले. तेच जास्त लागलं.

“अहो काका, शब्दच तसा आहे ना. कुणीही चुकेल.”

“कुणीही नाही. त्या मशीनमधल्या बाईला मी एकदा सांगितलं. तिला कळलं.”

“तिला हिंदीत सांगितलंत.”

“तुम्हाला मराठीत सांगितलं.”

ते म्हणाले, “बरं, सॉरी. पण एवढं काय त्यात? तुमची सवलत तर मिळतेच आहे.”

“माझ्या बायकोला चपलांवर बसवलीत, तेव्हाही शब्दच चुकला होता का?”

“काका, आता तुम्ही विषय कुठला कुठं नेताय.”

“विषय तिथंच आहे. तुम्ही विचारलं नाहीत, कुठला शिपाई. विचारायची गरजच वाटली नाही तुम्हाला. पुढच्या महिन्यात कुणी गावाकडचा म्हातारा तुमच्या टेबलाशी येईल, त्याला तेवढं विचारा. मी येणार नाही.”

सुनीलनं फोन उचलून बंद केला. “माझं ऑफिसमध्ये काय होईल याचा विचार केलात?” म्हणाला.

“नाही केला,” मी म्हणालो.

सून पुन्हा ओट्याकडं वळली. ईरानं तेवढं विचारलं, “आजोबा, चपरासी म्हणजे काय?” मी तिला सांगितलं. दोन्ही शिपाई सांगितले. दोघंही चांगले, म्हटलं, पण दोघं वेगळे.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. टेबलावर ईराची वही होती, तिचं मधलं पान फाडलं. पेन घेतलं. माझं अक्षर चौथीतलं, अजून तसंच, वाकडं आणि मोठं. मराठीतच लिहिलं. मी सैन्यात शिपाई होतो. बंदूक घेऊन चालायचो. गस्तीवर असताना दुश्मनानं पेरलेल्या सुरुंगावर माझा डावा पाय पडला. विहीर नव्हती. शाळा नव्हती. खाली नाव, नंबर, पलटण. सही. डिस्चार्ज बुक पिशवीत टाकलं आणि कुणाला न उठवता बाहेर पडलो.

डॉक्टरच्या दवाखान्यात पहिला नंबर माझा लागला. खिडकीतल्या बाईनं माझा कागद घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. मग दोन्ही हातांनी विचारलं, मुलगा कुठाय?

मी मान हलवली. म्हटलं, “हिंदी.”

तिनं फोनकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि खुर्चीकडं हात केला. वेळ लागणार होता. लागू दे. कागद मी तिच्या हातातून परत घेतला. मी एकेक शब्द स्वतः वाचून दाखवणार आहे. शिपाई शब्द आला की थांबणार आहे आणि विचारणार आहे, काय ऐकलंत? बरोबर ऐकलं असेल तरच पुढचा शब्द. डॉक्टर पेन घेईल तेव्हा त्याच्या शेजारी उभा राहणार आहे आणि गोल कुठं पडतो ते बघणार आहे.

मी पहिल्या रांगेत, खिडकीच्या अगदी समोर बसलो.